विजेची मोटार आणि थोडा प्रवास

विजेवर चालणारी मोटार ही नवलाई आहे, असा सर्वसाधारण समज असला तरी तो खरा नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींपैकी जवळजवळ एकतृतीयांश मोटारी विजेवर चालत असत. त्यांचे मालक कोण होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. शहरात रुग्णांच्या घरी जाणारे डॉक्टर आणि दुकानांना किंवा आप्तेष्टांना भेटी देणाऱ्या गृहिणी यांना ही गाडी विशेष आवडे. त्या काळी पेट्रोलचे इंजिन सुरू करण्यासाठी पुढील बाजूचा दांडा जोर लावून फिरवावा लागे आणि त्यात मनगट मोडण्याचे प्रसंग येत. विजेची गाडी मात्र कळ दाबताच निघे. तिला धूर नव्हता, गिअर बदलण्याची यातायात नव्हती. ती एका दमात फार लांब जात नसे, पण तिच्या मालकांना लांब जावयाचे नव्हतेच. १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला, पेट्रोल स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध झाले, आणि विजेची मोटार हळूहळू मागे पडली.

या इतिहासातून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विजेच्या मोटारीचे पहिले मालक हे थोडा प्रवास करणारे लोक होते. आज शंभराहून अधिक वर्षांनी ही गाडी परतली आहे, आणि तोच प्रश्न उलट बाजूने विचारला जात आहे. ज्याला महिन्याकाठी तीनचारशे किलोमीटरांपेक्षा अधिक गाडी चालवावी लागत नाही, त्याने विजेची मोटार घ्यावी काय? निवृत्त दांपत्ये, घराजवळच कामाचे ठिकाण असलेले नोकरदार, रोज लोकलने किंवा मेट्रोने जाऊन केवळ रविवारी गाडी बाहेर काढणारी कुटुंबे अशा सर्वांचा हा प्रश्न आहे. त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत गाडीसाठी आयुष्यभराच्या बचतीतील मोठा वाटा खर्च होणार असतो. म्हणून जाहिरातींचा उत्साह आणि शेजाऱ्यांच्या शंका या दोन्ही बाजूला ठेवून त्याचा विचार करणे इष्ट होय.

भारतातील पूर्वानुभव

आपल्या देशात या प्रश्नाचा पहिला मोठा प्रयोग बंगळूर येथे झाला. २००१ साली तेथे 'रेवा' ही छोटी विजेची मोटार विक्रीस आली. दोन प्रौढ व्यक्ती आणि फार तर दोन लहान मुले बसू शकतील, एवढीच ती होती. तिच्यातील शिसे व आम्ल यांच्या बॅटऱ्या एकदा पूर्ण भरल्या की गाडी सुमारे ८० किलोमीटर जाईल, असे सांगितले जाई. लंडनमध्ये ती 'जी-विझ' या नावाने विकली गेली. तेथील शहरी प्रवाशांनी तिला पसंती दिली, कारण त्यांची रोजची धाव थोडी होती. परंतु शिशाच्या बॅटऱ्या जड होत्या, त्यांत ठरावीक काळाने शुद्ध पाणी घालावे लागे, आणि काही वर्षांतच त्या बदलण्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर येई. २०१० साली महिंद्र उद्योगसमूहाने या कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला.

खरा बदल घडला तो लिथियम-आयन बॅटरीमुळे. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जानेवारी २०२० मध्ये टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' विक्रीस आली. तिच्यानंतर २०२२ साली 'टियागो ईव्ही' आणि २०२३ साली एमजी कंपनीची 'कॉमेट' ही त्याहूनही छोटी गाडी आली. या शेवटच्या दोन गाड्या खास शहरातील थोड्या प्रवासासाठी योजलेल्या आहेत. त्यांची बॅटरी १७ ते २४ किलोवॉट-तास क्षमतेची, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मानाने लहान आहे. एक किलोवॉट-तास म्हणजेच घरच्या वीजबिलातील एक 'युनिट' होय.

हिशेबाची बाजू

विजेच्या गाडीच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो तो इंधनखर्चाचा. हा मुद्दा खरा आहे, पण त्याचे वजन प्रवासाच्या प्रमाणावर अवलंबून असते. एक साधे उदाहरण घेऊ. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि वीज ८ रुपये युनिट आहे, पेट्रोलची छोटी गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर जाते आणि विजेची गाडी मीटरवर मोजलेल्या एका युनिटमागे ७ किलोमीटर जाते, असे गृहीत धरू. चार्ज करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती तूट या ७ किलोमीटरांच्या आकड्यात धरलेली आहे.

वर्षाला १५,००० किलोमीटर जाणाऱ्या माणसाला पेट्रोलसाठी १ लाख रुपये लागतील, विजेसाठी सुमारे १७ हजार. वर्षाची बचत ८३ हजारांच्या आसपास होईल. समान आकाराच्या पेट्रोल-गाडीपेक्षा विजेची गाडी तीन लाखांनी महाग असली, तरी हा फरक पावणेचार वर्षांच्या आत भरून निघतो.

आता महिन्याला ४०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ४,८०० किलोमीटर जाणारा मालक घेऊ. त्याला पेट्रोलसाठी ३२ हजार रुपये लागतील आणि विजेसाठी सुमारे साडेपाच हजार. बचत साडेसव्वीस हजारांची. तीन लाखांचा फरक भरून येण्यास अकरा वर्षांहून अधिक काळ जाईल. शिवाय हेच तीन लाख रुपये सात टक्के व्याजाने ठेवले असते, तर वर्षाला २१ हजार रुपये मिळाले असते. म्हणजे खरी बचत पाचसहा हजारांवर येते. विजेच्या गाडीत इंजिन-ऑइल, क्लच, स्पार्क प्लग, पट्टे इत्यादी गोष्टी नसल्याने देखभालीचा खर्च काहीसा कमी येतो, तो या बचतीत मिळवावा. तथापि थोडा प्रवास करणाऱ्याने केवळ पैसे वाचविण्यासाठी विजेची गाडी घ्यावी, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

हे आकडे प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पुन्हा मांडावेत. किमतीतील फरक तीन लाखांऐवजी एक लाखच असेल, तर निष्कर्ष पूर्णपणे बदलतो. विजेच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. पेट्रोलच्या छोट्या गाड्यांवरील करही सप्टेंबर २०२५ मध्ये कमी होऊन १८ टक्क्यांवर आला, आणि त्यामुळे दोहोंतील अंतर पुन्हा काहीसे वाढले. रस्ताकरातील सवलत प्रत्येक राज्यात निराळी असते आणि ती मधूनमधून बदलते. केंद्र सरकारने २०२१ साली अशा गाड्यांचे नोंदणीशुल्क माफ केले, आणि २०२२ पासून त्यांच्या तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट ठेवली आहे. मात्र कर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकराची खास सवलत मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून तिची अपेक्षा धरू नये.

बॅटरी वापराने झिजते आणि वयानेही

विजेच्या गाडीचा सर्वांत महाग भाग म्हणजे तिची बॅटरी. तिच्याविषयीच्या भीतीचे स्वरूप थोडा प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत निराळे असते, म्हणून तिची झीज कशी होते हे समजून घेतले पाहिजे.

लिथियम-आयन बॅटरीची झीज दोन प्रकारे होते. पहिला प्रकार वापराचा. बॅटरी भरताना आणि रिती होताना लिथियमचे आयन एका विद्युतअग्रातून दुसऱ्या विद्युतअग्रात ये-जा करतात. प्रत्येक फेरीत त्यांतील काही थोडे कायमचे अडकून पडतात. दुसरा प्रकार काळाचा. गाडी जागेवर उभी असली, तरी बॅटरीतील विद्राव्य आणि अग्रे यांच्यात मंद रासायनिक क्रिया चालूच असतात. उष्णता वाढली की त्या वेगाने घडतात, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असली की आणखी वेगाने घडतात.

थोडा प्रवास करणाऱ्याच्या गाडीत पहिल्या प्रकारची झीज नगण्य असते. एकदा भरल्यावर दीडशे किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला ४,८०० किलोमीटर चालली, तर बॅटरी वर्षातून केवळ ३२ वेळा पूर्ण भरली आणि रिती झाली असे होते. दहा वर्षांत ३२० फेऱ्या. आजच्या बॅटऱ्या हजारांहून अधिक फेऱ्या सहज सोसतात, आणि लिथियम-लोह-फॉस्फेट या जातीच्या बॅटऱ्या त्याच्या कित्येक पट. म्हणून अशा मालकाची बॅटरी वापराने संपत नाही, तिचे जे काही होते ते वयाने होते.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला हमीविषयीचा. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत असते. वर्षाला ४,८०० किलोमीटर जाणाऱ्याला १,६०,००० किलोमीटर पुरे करण्यास तेहतीस वर्षे लागतील. त्याच्या दृष्टीने हमीतील किलोमीटरांचा मोठा आकडा निरर्थक आहे. त्याने फक्त वर्षे मोजावीत, आणि दोन गाड्यांत निवड करावयाची झाल्यास वर्षांनी मोठी असलेली हमी पसंत करावी. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास कंपनी बॅटरी बदलून किंवा दुरुस्त करून देईल, हे हमीपत्रात लिहिलेले असते. तेही वाचून घ्यावे.

दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. वयोमानाने बॅटरीची क्षमता तीस टक्क्यांनी घटली, तरी दीडशे किलोमीटरांची गाडी १०५ किलोमीटर जातेच. ज्याला बाजार, बँक, दवाखाना आणि मुलीचे घर एवढाच पल्ला गाठावयाचा आहे, त्याला ही घट जाणवणारही नाही. रोज ऐंशी-शंभर किलोमीटर जाणाऱ्याच्या दृष्टीने जी गाडी निकामी ठरते, ती त्याला आणखी काही वर्षे उत्तम सेवा देऊ शकते.

उभ्या गाडीची निगा

गाडी उभी राहिली म्हणजे ती सुरक्षित राहिली, असे नव्हे. हे पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे. किंबहुना थोडक्या अंतराच्या फेऱ्या पेट्रोलच्या इंजिनाला विशेष बाधतात. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते, धुराच्या नळीत पाणी साचून गंज चढतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनुसार डिझेल गाड्यांना काजळी अडविणारी गाळणी असते. तिच्यातील काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी मधूनमधून सलग वेगाने पळवावी लागते, आणि केवळ गल्लीबोळातून फिरणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते. विजेच्या चलित्राला यांपैकी कोणताही त्रास नाही. ते थंड असले काय आणि तापलेले असले काय, पहिल्या किलोमीटरपासून सारख्याच सहजतेने चालते. थोड्या प्रवासाच्या दृष्टीने विजेच्या गाडीचा हा फार मोठा गुण आहे.

मात्र तिच्याही काही गरजा आहेत. मोठ्या बॅटरीखेरीज प्रत्येक विजेच्या गाडीत १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. दारांची कुलुपे, दिवे आणि नियंत्रक यंत्रणा तिच्यावर चालतात. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ही छोटी बॅटरी उतरते. मोठी बॅटरी अर्धी भरलेली असूनही गाडी मग जागची हलत नाही, आणि मालक गोंधळून जातो. आठवड्यातून एकदा तरी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय होय.

मोठी बॅटरी रोज शंभर टक्के भरण्याची सवय लावून घेऊ नये. निकेल असलेल्या जातीची बॅटरी एरवी ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी आणि लांब जावयाचे असेल त्या दिवशीच पूर्ण भरावी. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत शिल्लक वीज अचूक मोजणे यंत्रणेला अवघड जाते, म्हणून ती ठरावीक दिवसांनी पूर्ण भरण्याची सूचना अनेक उत्पादक देतात. आपल्या गाडीत कोणती जात आहे, हे माहितीपुस्तिकेवरून किंवा विक्रेत्याकडून समजून घ्यावे.

मुलाबाळांकडे परदेशी किंवा परगावी चारसहा महिने राहावयास जाणाऱ्या वडीलधाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढत आहे. त्यांनी जाण्यापूर्वी बॅटरी सुमारे निम्मी भरून ठेवावी. काठोकाठ भरलेली बॅटरी उन्हाळ्यात लवकर म्हातारी होते, आणि जवळजवळ रिती ठेवलेली बॅटरी त्याहूनही मोठ्या धोक्यात असते, कारण ती पूर्णपणे उतरली तर कायमची निकामी होऊ शकते. गाडी सावलीत ठेवावी, टायरांत हवा पुरेशी भरावी, १२ व्होल्टची बॅटरी सोडवावी किंवा कसे याविषयी माहितीपुस्तिकेतील सूचना पाहावी. नागपूर किंवा बिकानेर यांसारख्या गावी, जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे सावली ही चैन नसून गरज आहे.

टायर हे झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात, हेही थोडा प्रवास करणाऱ्याने विसरू नये. रबर काळाने कडक होते आणि त्याला तडे जातात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवितात. नक्षी शाबूत दिसली, तरी वय झालेले टायर बदलणे आवश्यक असते. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम चलित्रच करते आणि त्यातून निर्माण झालेली वीज बॅटरीत परत जाते. परिणामी ब्रेक क्वचित लागतात आणि पावसाळ्यात त्यांच्या चकत्यांवर गंज धरतो. म्हणून मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक जोराने दाबून पाहावेत.

घरचा प्लग आणि सोसायटीची परवानगी

थोडा प्रवास करणाऱ्याला सार्वजनिक चार्जिंग केंद्रांची चिंता फारशी नसते. डिसेंबर २०२४ पर्यंत देशातील अशा केंद्रांची संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली होती, परंतु त्याला त्यांची गरज वर्षातून दोनचार वेळाच पडेल. घरच्या वाहनतळावर प्लग आहे की नाही, यावरच सारे अवलंबून आहे. तो नसेल, तर सर्वच फिरते. केंद्रावर युनिटला २० रुपये पडले, तर वरील हिशेबातील वर्षाचा विजेचा खर्च साडेपाच हजारांवरून सुमारे पावणेचौदा हजारांवर जाईल. शिवाय दर आठवड्याला केंद्रावर जाऊन ताटकळत बसणे ज्येष्ठ माणसाला रुचणारे नाही.

घरच्या सोयीसाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. महिन्याला ४०० किलोमीटरांसाठी सुमारे ५७ युनिट वीज पुरते. वातानुकूलन यंत्राला लागतो तसला १५-१६ अँपिअरचा प्लग तासाला सुमारे तीन युनिट देऊ शकतो, म्हणजे सबंध महिन्याचे काम एकोणीस-वीस तासांत होते. सात किलोवॉटचे भिंतीवरील चार्जिंग यंत्र रोज लांब जाणाऱ्यासाठी उपयुक्त आहे. थोडा प्रवास करणाऱ्याने त्यासाठी वीजभार वाढवून घेण्याच्या खर्चात पडण्याची बहुधा आवश्यकता नाही. मात्र साधा प्लग म्हणजे कसाही बसविलेला प्लग नव्हे. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी, गळती होताच प्रवाह तोडणारा खटका आणि निर्दोष अर्थिंग या चार गोष्टी हव्यातच. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतेच असते. गाडीसोबतचे चार्जिंग यंत्र अशा ठिकाणी चालण्यास नकार देते, आणि हा यंत्राचा दोष नसून घराचा असतो. साधी एक्स्टेन्शन वायर वापरून खिडकीतून गाडीपर्यंत वीज नेणे तर सर्वस्वी टाळावे. कित्येक तास सतत वाहणाऱ्या प्रवाहाने बारीक तार आणि सैल प्लग तापतात.

सदनिकांमध्ये राहणाऱ्यांपुढे प्रश्न तंत्राचा नसून संमतीचा असतो. वाहनतळापर्यंत तार कोणाच्या मीटरवरून आणावयाची, ती सामाईक भिंतीवरून नेण्यास सभासदांची हरकत आहे काय, आगीची भीती घालणाऱ्यांना कोणते उत्तर द्यावयाचे, यांवर महिनेच्या महिने चर्चा चालते. केंद्र सरकारने २०१८ साली हे स्पष्ट केले की, चार्जिंग ही सेवा असून तिच्यासाठी वीजवितरणाच्या परवान्याची गरज नाही. घरी किंवा कार्यालयात चार्जिंगला मुभा असल्याचेही त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. २०१९ साली आदर्श इमारत नियमावलीत बदल करून नव्या इमारतींतील वीस टक्के वाहनांसाठी ही सोय ठेवावी, अशी तरतूद सुचविण्यात आली. आगीच्या प्रश्नावर सांगावयाचे तर, २०२२ साली विजेच्या काही दुचाकींना आगी लागल्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षाचाचण्या कडक केल्या. तरीही व्यवहारात शेजाऱ्यांचे सहकार्य लागतेच. म्हणून गाडीचे पैसे भरण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी हाती असावी, हा क्रम उलटा करू नये.

तळघरातील वाहनतळाविषयी एक सूचना आवश्यक आहे. बॅटरीची पेटी पाणी आत शिरू नये अशा रीतीने बंद केलेली असते आणि पावसात गाडी चालविण्यास भय नाही. परंतु पुरात बुडून राहिलेली गाडी ही निराळी गोष्ट होय. मुंबईत जुलै २००५ मध्ये आणि चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर स्वतः सुरू करू नये किंवा चार्जिंगला लावू नये. तंत्रज्ञाने तपासल्याखेरीज तिला हात न लावणेच शहाणपणाचे. विमापत्रात पुराचा आणि बॅटरीचा स्पष्ट उल्लेख आहे काय, हे आधीच पाहावे.

दिवसा उभी असलेल्या गाडीचा लाभ

येथे थोडा प्रवास करणाऱ्याला एक अनपेक्षित अनुकूलता लाभते. नोकरदाराची गाडी दिवसा कार्यालयाबाहेर असते आणि ती रात्रीच चार्ज करावी लागते. निवृत्ताची गाडी मात्र ऐन दुपारी घरीच असते, आणि त्याच वेळी सूर्यापासून वीज मिळते. ज्याच्या छपरावर सौर पट्ट्या आहेत, त्याची ५७ युनिटांची गरज अर्धा किलोवॉट क्षमतेच्या पट्ट्याही भागवू शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत तीन किलोवॉटच्या संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. छप्पर नसले, तरी २०२३ साली केंद्राने केलेल्या नियमांत सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज स्वस्त ठेवण्याची तरतूद आहे. ही पद्धत स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकांसाठी असल्याने ती आपल्या राज्यात आणि आपल्या मीटरवर लागू झाली आहे काय, याची चौकशी वीज कंपनीकडे करावी.

हवेच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. आपली बरीचशी वीज अद्याप कोळशापासून तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका किलोमीटरमागे १०० ग्रॅम. पेट्रोलची गाडी किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम सोडते. वर्षाला ४,८०० किलोमीटरांवर हा फरक अडीचशे किलोंच्या आसपास होतो. बॅटरी तयार करतानाच दीड-दोन टन वायू बाहेर पडलेला असतो, तो या गतीने भरून येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. तीच गाडी सौर विजेवर चालविली, तर अडीच वर्षे पुरतात. तात्पर्य, सुस्थितीतील जुनी पेट्रोल-गाडी क्वचित वापरणाऱ्याने केवळ पर्यावरणाच्या काळजीने ती टाकून नवी घेण्याची घाई करू नये. अर्थात गल्लीतील धुराचा हिशेब वेगळा आहे. थंड इंजिन आणि न तापलेला उत्प्रेरक यांमुळे छोट्या फेऱ्यांत पेट्रोलची गाडी अधिक दूषित धूर सोडते, आणि तो श्वासावाटे घेणारे लोक त्याच गल्लीतले असतात.

नवी, जुनी, की कोणतीच नको?

अशा मालकाने नव्या गाडीआधी वापरलेल्या विजेच्या गाडीचा विचार करावा. विजेच्या गाड्यांची पुनर्विक्रीची किंमत लवकर उतरते. विकणाऱ्याचे हे नुकसान घेणाऱ्याचा लाभ ठरते. तीनचार वर्षे चाललेल्या गाडीचा कमी झालेला पल्ला थोडा प्रवास करणाऱ्याला अडत नाही, आणि वर मांडलेला किमतीतील फरक जवळजवळ नाहीसा होतो. मात्र बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल अधिकृत कार्यशाळेतून घ्यावा, आणि उरलेली हमी नव्या मालकाच्या नावावर होते की नाही हे पाहावे. काही हमींचा विशेष लाभ पहिल्या मालकापुरताच असतो.

२०२४ पासून काही कंपन्यांनी बॅटरी भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली आहे. त्यामुळे गाडीची सुरुवातीची किंमत कमी दिसते आणि बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे द्यावयाचे असतात. थोडे चालविणाऱ्याला ही रीत वरवर पाहता सोयीची वाटते. परंतु अशा करारात दरमहा किमान किलोमीटरांचे पैसे भरण्याची अट असू शकते. महिन्याला चारशे किलोमीटर जाणाऱ्याने हजार-दीड हजार किलोमीटरांचे भाडे भरणे म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचे पैसे देणे होय.

शेवटी, गाडी हवीच आहे काय, हा प्रश्न सर्वांआधी स्वतःला विचारावयास हवा. महिन्याचे ४०० किलोमीटर टॅक्सीने किलोमीटरला २० रुपये दराने काटले, तर वर्षाला ९६ हजार रुपये होतात. नऊ लाखांची गाडी दहा वर्षांनी दोन लाखांना विकली असे धरले, तरी तिची घटच वर्षाला ७० हजारांची होते, आणि विमा, टायर, देखभाल व वीज त्यावर वेगळी. पैशाच्या तराजूत दोन्ही पारडी जवळजवळ सारखी राहतात. मग निर्णय इतर गोष्टींवर ठरतो. रात्री दोन वाजता दवाखान्यात जाण्याची वेळ येऊ शकते, गावात टॅक्सी मिळतेच असे नाही, आणि आपल्या सोयीने बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य वयाबरोबर अधिकच मोलाचे वाटू लागते. ज्यांचे गुडघे क्लच दाबून दुखतात, त्यांना गिअर नसलेली, आवाज न करणारी आणि पेट्रोल पंपाच्या रांगेत उभी न राहणारी गाडी आणखी काही वर्षे घराबाहेर काढू शकते.

ज्याच्या वाहनतळावर प्लग आहे, डोक्यावर सावली आहे आणि ज्याची लांबची यात्रा रेल्वेने होते, त्याला लहान बॅटरीची विजेची गाडी चांगली शोभते. मोठ्या बॅटरीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे त्याला कारण नाही. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी एखादे वेळी गाडी भाड्याने घेणे, हे वर्षभर न वापरलेली बॅटरी वागविण्यापेक्षा स्वस्त पडते. ज्याच्याकडे प्लगच नाही, त्याने मात्र गाडीच्या दुकानात जाण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवांकडे अर्ज द्यावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.